माळ्यावर भिंत नाही

शिकुतिमीत जानेवारीत घरं वाचता येतात,
रस्त्यावरूनच, गाडी न थांबवता.
ज्या छपरावर बर्फ जाड बसलाय, ते घर आतून उबदार.
ज्याचं छप्पर उघडं, काळं,
पन्हळीला हातभर सुळे लोंबतायत,
त्या घरातली माणसं आभाळ तापवतायत
स्वतःच्या पैशाने.

लावेर्तूंचं घर त्यातलंच.
घर एक, दारं दोन, बिलं दोन.
मधली भिंत भावाभावांनी एका उन्हाळ्यात उभारली,
बोटीच्या मोटरवरून.
मोटर कुणाकडेच राहिली नाही. भिंत राहिली.

ओव्हिलाने मला नऊला बोलावलं, अदेलारने साडेदहाला.
फोन वेगवेगळे, तक्रार एकच :
पाय गारठतात.

ओव्हिलाला काचलोकर हवी. गुलाबी, गुंडाळ्यांची,
स्वस्त, आपली आपण अंथरता येते.
खाज? त्याने हात पुढे केले,
कागद गिरणीत झिजलेले,
त्यांना आता कशाची खाज.
अदेलारला हवा होता कागदच :
जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, पाइपने फुंकलेला,
फटीफटीत शिरतो, कोपरे सोडत नाही.
"त्याने काय घ्यायचं ठरवलंय?"
मी म्हटलं, कुणी?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.

माळ्याचं झाकण अदेलारच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर.
चढले. तोंडाला फडकं, कपाळावर दिवा.
वीतभर लाकडाचा भुसा, काळपट, दबलेला,
उंदरांनी त्यात गल्ल्या पाडलेल्या.
खिळ्यांच्या टोकांवर गोठलेले पांढरे मणी.
आणि भिंत नव्हती.
खालून आलेली ती भिंत छताला टेकून थांबलेली,
पुढे न्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत माळा सलग,
मधोमध बर्फावरची लाकडी घसरगाडी,
दोन पोरं बसतील एवढी.

कॅमेऱ्यात उष्णता पिवळी दिसते, मग पांढरी.
ओव्हिलाच्या मटाराच्या सुपाची वाफ
अन् अदेलारच्या शेगडीची धग
धुराड्याशेजारच्या एकाच भोकातून
मिळून बाहेर जात होती.
किती वर्षं, देव जाणे.

खाली येऊन सांगितलं : आधी ते भोक बुजवा.
खिडकी उघडी टाकून गोधडी पांघरलीत
तर गोधडीचा काय दोष?
मग काच घ्या, कागद घ्या, पण एकच घ्या.
अर्ध्या डोक्याची टोपी कुणी विणत नाही.

ओव्हिला तोवर बाहेर पायरीवर येऊन उभा.
बूट आपटत होता. बर्फ केव्हाच झडला होता,
तरी आपटत होता. उणे अठ्ठावीस.
अदेलारने दार अर्धं उघडलं, तसंच सोडलं.

"त्याला सांगा, कागदात उंदीर होतात."
"त्याला सांगा, बोरॅक्स असतं त्यात, उंदीर फिरकत नाहीत,
पटकन पेटतही नाही."
"त्याला सांगा, चाळीस वर्षं कागदच केला मी.
आता डोक्यावरही तोच?"
मग बराच वेळ कुणी मला काही सांगितलं नाही.
दारातून धग रस्त्यावर चालली होती
आणि माझा जीव, धंद्यामुळे, तुटत होता.

"किती इंच?" ओव्हिला.
सोळा.
"आणि त्याच्याकडे?"
सोळाच.
त्याने टोपी काढली, परत घातली.

"दार लावा," अदेलार ओरडला, "ऊब जाते."
मला म्हणाला की त्याला, कळलं नाही.
ओव्हिलाने लावलं. आतून.

मी फॉर्म काढला, पेन काढलं.
गाडीत राहून शाई गोठलेली.
तिघंही ते शेगडीवर धरून बसलो.